तीन उरले

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारे मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करतात, पण स्वतः लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. भाजीची पिशवी असो, पाण्याची कॅन असो, दम खात खात जिन्यानेच चढतात. नवीन आलेले भाडेकरू हसतात. "हलवाई स्वतःची मिठाई खात नाही, तसं आहे तुमचं," म्हणतात. मिस्त्रीही हसल्यासारखं करतात आणि पुढची पायरी चढतात. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. माझ्या दाराशी ते थोडे थांबतात, कठड्याला टेकतात, आणि तेवढ्यात जे बोलणं होतं त्यातून वर्षानुवर्षांत मला त्यांची सगळी हकिकत कळली. काही त्यांच्या बायकोने सांगितली. काही त्या दोघांनीही सांगितली नाही, ती पाढेबुवांच्या मुलीने सांगितली.

पाढेबुवा म्हणजे मिस्त्रींचे जोडीदार. खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. कंपनीत, घरी, सासुरवाडीला, सगळीकडे ते पाढेबुवाच. शाळा त्यांनी अर्ध्यावर सोडली होती, पण पाढे मात्र अंगात मुरलेले. लोकांना तंबाखूची सवय असते तशी बुवांना आकडे फोडायची सवय होती. समोरून टेम्पो गेला की त्याच्या नंबराला सात जातो का, तेरा जातो का, हे ओठातल्या ओठात सुरू. एखाद्या आकड्याला कशानेच भाग गेला नाही, म्हणजे ती मूळ संख्या निघाली, की स्वारी खूश. "हा बघ, हट्टी निघाला," म्हणायचे. "एक आणि स्वतः, तिसऱ्याला घरात घेत नाही."

मिस्त्रींना आधी याचा वैताग यायचा. दिवसभर वंगणात हात आणि कानाशी ही जपमाळ. पण जोडीने काम करायचं तर एकाचा छंद दुसऱ्याला लागतोच. पुढे पुढे त्यांचा खेळच ठरला. मिस्त्री डावीकडून एकेक अंक वाचणार आणि बुवा न पाहता भागत जाणार, बाकी पुढे नेणार. कागद नाही, पेन नाही. हातातला पाना चालूच. मिस्त्रींनी एकदा विचारलं होतं, "तू दोन, तीन, पाच, सात यांनीच का भागतोस? मधला सहा का सोडतोस?"

"अरे, ज्या घरात दोन आणि तीन शिरले नाहीत, तिथे सहा कुठून शिरेल? तो त्यांचाच मुलगा ना!"

असे ते दोघं. भांडायचेही. बुवा डबा उघडल्याबरोबर मिस्त्रींच्या डब्यात हात घालायचे आणि स्वतःचा डबा मात्र सांभाळून ठेवायचे, यावरून तर रोज.

ते काम एका मोठ्या गोदामातलं होतं. मालाची लिफ्ट, जुनी. गोदामाच्या सुट्टीचा दिवस मुद्दाम घेतलेला, म्हणजे माणसांची ये-जा नाही. फाटकावर पहारेकरी आणि आत हे दोघं. लिफ्टच्या सगळ्यात खालच्या मजल्याखाली एक खड्डा असतो, त्याला हे लोक पिट म्हणतात. तिथे उतरून साफसफाई आणि तपासणी करायची होती. केबिन वरच्या मजल्यावर उभी केली, मुख्य वीज बंद केली, खाली उतरले. केबिन रिकामी आहे असं गोदामवाल्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती रिकामी नव्हती. लोखंडी नळ्यांच्या पेट्या कोणीतरी आतच ठेवून गेलं होतं. वर ब्रेकची पट्टी झिजलेली. त्या वजनाने ब्रेक सरकायला लागला.

केबिन धाडकन पडली नाही. पडली असती तर वेगाला अडवणारी कळ लागली असती. ती सावकाश, आवाज न करता, सरकत आली. मिस्त्री सांगतात, "उजेड कमी झाला म्हणून मी वर पाहिलं, तेव्हा ती डोक्यावर होती." मिस्त्री कोपऱ्यात होते, अंग चोरून भिंतीला चिकटले. बुवा मधल्या बफरपाशी, म्हणजे केबिनचा धक्का झेलणाऱ्या जाड स्प्रिंगपाशी, वाकलेले होते. केबिनचा खालचा तुळईसारखा भाग बफरवर येऊन बसला आणि बुवांची मांडी त्या दोहोंच्या मध्ये सापडली.

बाहेर निघायची वाट केबिनमुळेच बंद झाली होती. फोनला खाली रेंज नव्हती. मिस्त्रींनी पाना घेऊन लोखंडी खांबावर ठोकायला सुरुवात केली. ओरडले. पहारेकऱ्याची खोली फाटकापाशी, दूर. त्यांना बुवांपर्यंत हात पोचत होता, खांद्यापर्यंत. बाकी काही करता येत नव्हतं. रक्त थांबवायला मांडीवर आवळ म्हणून पट्टा काढून बुवांच्या हातात दिला, पण तुळई तिथवर आली होती.

बुवा शुद्धीत होते. ते पहिल्यांदा म्हणाले, "डबा वरच राहिला रे."

मिस्त्रींना वाटलं, याला बोलतं ठेवलं पाहिजे. डोळे मिटू द्यायचे नाहीत. म्हणून ते घरच्या गोष्टी काढायला लागले. बुवांच्या थोरल्या मुलीच्या शाळेचं, धाकट्या मुलाच्या दाताचं, वहिनींचं. बुवांचा श्वास भराभर व्हायला लागला. त्यांनी मिस्त्रींचं मनगट धरलं.

"घरचं नको काढू," ते म्हणाले. "धीर सुटतो. आकडा दे."

"कसला आकडा?"

"कसलाही. दिसतोय का कुठे?"

मिस्त्रींच्या हातात विजेरी होती. केबिनच्या तळाला कंपनीची पत्र्याची पट्टी ठोकलेली होती, त्यावर नंबर. मिस्त्रींनी वाचला: तीस लाख पासष्ट हजार आठशे सत्तावन्न.

"मोठा आहे," बुवा म्हणाले. थोडा वेळ डोळे मिटून गप्प. मिस्त्री घाबरले, तेवढ्यात ते बोलले, "सतराशे पन्नासचा वर्ग तीस लाख बासष्ट हजार पाचशे. म्हणजे सतराशे पन्नासपर्यंत शोधायचं. तोवर कोणी भेटला नाही तर तो हट्टी."

"त्याच्या पुढे का नाही?"

"दोघं जण सतराशे पन्नासच्या वरचे असतील तर गुणाकार याहून मोठा होईल ना! एक तरी खालीच सापडायला पाहिजे." मग म्हणाले, "सतराशे पन्नास म्हणजे खूप झाले. तेवढ्यात येईल कोणीतरी."

सुरुवातीचे झटपट गेले. शेवटी सात, म्हणजे दोन नाही, पाच नाही. अंकांची बेरीज चौतीस, म्हणजे तीन नाही. मग सात.

"तीन," मिस्त्रींनी वाचलं. "शून्य."

"तीस. सात चोक अठ्ठावीस, उरले दोन."

"सहा."

"सव्वीस. सात त्रिक एकवीस, उरले पाच."

"पाच."

"पंचावन्न. सात साती एकोणपन्नास, उरले सहा."

"आठ."

"अडुसष्ट. सात नव्वे त्रेसष्ट, उरले पाच."

"पाच."

"परत पंचावन्न. उरले सहा."

"सात."

"सदुसष्ट. उरले चार. नाही जात."

दर आकड्यानंतर मिस्त्री खांबावर पाना हाणत होते. अकराला बुवांनी एकाआड एक अंक मिळवले, चोवीस आणि दहा, फरक चौदा, नाही. तेराला उरले दोन. सतराला मध्येच बाकी शून्य आली तेव्हा बुवा "अरे!" म्हणाले, अगदी नेहमीसारखे, आणि मिस्त्रींनाही क्षणभर वाटलं की आपण कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवर डबा खात बसलो आहोत. पण शेवटी नऊ उरले. एकोणीस नाही. तेवीस नाही. एकोणतीसपाशी बुवा चुकले आणि मिस्त्रींनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एकतीसला उरले एकोणीस. आता बुवांचा आवाज कापडातून आल्यासारखा येत होता. तोंडाला कोरड पडली होती. पाणी वर राहिलं होतं.

"पुढचा कोण?" मिस्त्रींनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"सदतीस."

"तीन. शून्य."

"तीस."

"सहा."

"तीनशे सहा... सदतीस आठे... दोनशे शहाण्णव. दहा."

"पाच."

"एकशे पाच. चौऱ्याहत्तर गेले. एकतीस."

"आठ."

"तीनशे अठरा." बराच वेळ. "बावीस."

"पाच. बुवा, पाच!"

"दोनशे पंचवीस. दोनशे बावीस गेले." आणि मग, "तीन. तीन उरले."

"सात," मिस्त्री म्हणाले. "बुवा, सात. शेवटचा. सात!"

बुवा बोलले नाहीत. मिस्त्री त्यांचा खांदा हलवत "सात, सात" म्हणत राहिले. पहारेकऱ्याला ठोकण्याचा आवाज कधी ऐकू गेला, माणसं कधी आली, केबिन कशी उचलली, यातलं त्यांना धड काही सांगता येत नाही. बुवांची नाडी तेव्हाही लागत होती म्हणतात. दवाखान्याच्या दारात ती थांबली.

वहिनी धावत आल्या. मागे दोन्ही मुलं, शाळेचे बूट तसेच. मिस्त्री बाकावर बसले होते, कपड्यांना वंगण आणि रक्त. वहिनींनी त्यांचे दोन्ही दंड धरले.

"भावजी, काही बोलले का? शेवटी काही बोलले का?"

मिस्त्रींचं डोकं अजून त्या खड्ड्यातच होतं. त्यांनी जे कानात होतं ते सांगितलं. "तीन उरले, म्हणाले."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वळल्या, मुलांना जवळ ओढलं, दोघांची डोकी पोटाशी धरली. "तीन उरले," त्या म्हणाल्या. "आपण तिघं रे. बाबांना शेवटपर्यंत आपलीच काळजी."

मिस्त्रींनी तोंड उघडलं. मग मिटलं. त्या वेळी कोणीही मिटलं असतं.

दुसऱ्या दिवशी नळाखाली हात धुताना, वंगण नखांतून निघत नव्हतं म्हणून घासत असताना, त्यांच्या डोक्यात आपोआप ते पुढे गेलं. तीन उरले, पुढचा अंक सात. तीनावर सात, सदतीस. सदतीस एके सदतीस. बाकी शून्य. एकतीसपर्यंत कोणालाही दार न उघडलेल्या आकड्याने सदतिसाला उघडलं होतं, आणि बुवा उंबऱ्यावर होते. एक अंक राहिला होता. मिस्त्री नळ चालू ठेवून तिथेच खाली बसले. बायको धावली तर म्हणाले, "भाग गेला गं." तिला वाटलं, हे भ्रमिष्ट झाले.

त्या संख्येला सदतीसने भागून पुढे काय येतं, ते त्यांनी करून पाहिलं नाही. बुवांशिवाय पुढे जायचं नाही, असं मनाने घेतलं.

पिटमध्ये ते परत उतरू शकले नाहीत. एकदा प्रयत्न केला, शिडीवरूनच परत वर आले. कंपनीने समजून घेतलं आणि त्यांना वर्कशॉपमध्ये टेबलावर बसवलं. दरवाज्यांची कुलपं, बटणांचे डबे, जळलेल्या मोटारी. चौकशीत दोष गोदामवाल्यावर आला. वहिनींना त्याच दवाखान्याच्या धुलाईखान्यात काम मिळालं, चादरी, पडदे, डॉक्टरांचे कोट. हात कायम पांढरे, सुरकुतलेले.

मिस्त्री दर आठवड्याला त्यांच्याकडे जायचे. गळका नळ, पंख्याची घरघर, धाकट्याच्या सायकलची साखळी. आणि दर वेळी कुठून ना कुठून ते शब्द यायचे. आल्या-गेल्याला वहिनी सांगायच्या. नातेवाईक डोळे पुसायचे. धाकट्याने शाळेतल्या निबंधात लिहिलं आणि गुरुजींनी वर्गात वाचून दाखवलं. ताटं वाढताना वहिनी म्हणायच्या, "या रे, तीन उरलेत ना, तिघं एकत्रच बसू." मिस्त्री पाना खाली ठेवायचे आणि हात पुसायचं निमित्त करून बाहेर जायचे.

"मी सांगून टाकतो," ते बायकोला म्हणायचे.

"सांगून काय होणार? खरं बोलून कोणाची चूल पेटत नाही. त्या बाईने त्या शब्दांवर संसार ओढला. तुम्ही तिच्या पायाखालची फळी काढणार का?"

"पण ते खरं नाही."

"तुम्ही खोटं कुठे बोललात? ते म्हणालेच होते."

हाच तर काटा होता. खोटं बोलले असते तर कबूल करता आलं असतं. शब्द खरे होते, अर्थ चुकीचा होता, आणि तो दिवसेंदिवस वाढत होता. मिस्त्रींना झोप लागेनाशी झाली, रक्तदाब वाढला, बोलणं कमी झालं. माझ्या दाराशी थांबायचे तेव्हा मी काही विचारलं तर दुसऱ्यांदा विचारावं लागायचं.

थोरली मोठी झाली. बापाची सवय तिच्यात आलीच होती. तिने जमीन मोजणीचं शिक्षण घेतलं आणि एके दिवशी तिला लांबच्या शहरात नोकरीचं बोलावणं आलं. मिस्त्री त्या आठवड्यात गेले तेव्हा घरात भांड्यांचा आवाज जरा जास्तच होता. वहिनी ओट्यापाशी, पाठमोऱ्या.

"तुम्हीच सांगा हिला, भावजी. बापाने प्राण सोडताना काय सांगितलं? तीन उरले. तीन म्हणजे तीन. ही गेली की दोन. असं तोडायचं असतं का?"

थोरलीने पायांत चपला सरकवल्या. जिन्यात मिस्त्रींच्या मागोमाग आली. "मी नाही म्हणून कळवलंय, काका," ती म्हणाली. "तुम्ही तिला काही सांगू नका. बाबांचा शब्द आहे, मी मोडणार नाही." मग कठड्यावर नख ओढत म्हणाली, "फक्त कधी कधी वाटतं, बाबा गेले ते सुटले आणि मला बांधून गेले. असं वाटू नये. पण वाटतं."

मिस्त्री दोन पायऱ्या उतरले आणि परत वर आले. "चल," म्हणाले. "आत चल. तू नाही म्हणून कळवायची घाई केलीस."

दुपारची वेळ होती. वहिनींनी हात पुसले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून खुर्चीत बसल्या. मिस्त्री उभेच राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, पट्टीवरच्या नंबरापासून. सांगताना ते सारखे थोरलीकडे पाहत होते, वहिनींकडे बघवत नव्हतं. सदतिसापाशी आले तेव्हा थोरलीचे ओठ हलायला लागले होते.

"पाच," मिस्त्री म्हणाले.

"दोनशे पंचवीस," थोरली म्हणाली, "दोनशे बावीस गेले, तीन..." आणि थांबली.

"तीन उरले," मिस्त्री म्हणाले. "मग मी सात म्हणालो."

 धाकटा दारात उभा होता, तो आईकडे बघत होता.

"म्हणजे ते आमच्याबद्दल नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

"नाही, वहिनी."

"बाकी होती."

"हो."

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "एवढा वेळ होता तुमच्याकडे. एकमेकांशी बोलत होता. आणि तुम्ही त्यांना आकडे विचारत बसलात? आमचं का नाही विचारलंत? मुलांचं का नाही काढलंत?"

"काढलं होतं, वहिनी. तेच म्हणाले, घरचं नको काढू, धीर सुटतो. आकडा दे म्हणाले."

वहिनी हसल्या. ते हसू मिस्त्रींना आजही आठवतं. "हेही तुम्हीच सांगताय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं माझ्या ताटावर बसून ऐकत होतात, एक शब्द काढला नाहीत. आता हे मी कशावरून खरं मानू?"

 सांगायला साक्षीदार एकच होता, आणि तो गेला होता.

तेवढ्यात थोरली एकदम बोलली. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती, तिचं तिकडे भागणं चालूच राहिलं होतं. "सदतीसने भागून ब्याऐंशी हजार आठशे एकसष्ट येतात," ती म्हणाली. "काका, त्याला एक्केचाळीसने जातो. दोन हजार एकवीस येतात. आणि ते..." ती थांबली, बोटांवर काहीतरी केलं. "त्रेचाळीस गुणिले सत्तेचाळीस! सदतीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस. ओळीने आहेत. एकतीसपर्यंत एकही नाही आणि मग लागोपाठ चारही मूळ संख्या. बाबांना एवढा एक अंक मिळाला असता तर..." ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "ते नाचले असते, काका."

"गप्प बस!" वहिनी ओरडल्या. "बाप मेला त्यात, आणि तुला त्यात मजा दिसते? तोही तसलाच आणि तूही तसलीच." मग मिस्त्रींना म्हणाल्या, आवाज अगदी खाली आणून, "तुम्ही जा, भावजी. परत येऊ नका."

थोरलीने नोकरीला हो म्हणून कळवलं. जागा अजून भरलेली नव्हती. जाताना ती मिस्त्रींच्या घरी आली, पाया पडली. वहिनी तिला पोचवायला गेल्या नाहीत. मिस्त्रींची बायको मध्ये पडायला म्हणून दोनदा त्यांच्या दारात गेली. वहिनींनी तिला बसवलं, चहा दिला, सगळ्या जगाची चौकशी केली, आणि मिस्त्रींचं नाव निघालं की ताट-वाट्या आवरायला उठल्या. "तुमच्याशी माझं काही वाकडं नाही," एवढंच. त्या घरात ते शब्द पुन्हा कोणी उच्चारले नाहीत. धाकट्याने मिस्त्रींना रस्त्यात पाहिलं तर पलीकडच्या बाजूला जायचा. खरं सांगून मन हलकं होतं म्हणतात. मिस्त्रींचं झालं नाही. आधी एक गोष्ट सलत होती, आता दुसरी. आठवड्याचा तो दिवस आला की ते हत्यारांची पिशवी भरायचे आणि मग रिकामी करायचे. बायको बघायची.

थोरलीचा फोन मात्र यायचा. कुठल्या डोंगरावर दुर्बीण लावली, कुठे जळवा लागल्या, जेवण कसं वाईट आहे. एकदा म्हणाली, "आई माझ्याशी बोलते, पण नंतर बाबांचा विषय काढला की फोन धाकट्याकडे देते."

पुढे मिस्त्रींच्या बायकोला पित्ताशयाचा त्रास सुरू झाला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. बुवांना नेलं होतं, तोच दवाखाना. आत नेलं तेव्हा मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसले होते, पिशवी मांडीवर घट्ट धरून. त्या दिवशी मीही सोबत होतो. कॉरिडॉरमधून चादरींची गाडी ढकलत कोणी बाई आल्या. गाडीचं एक चाक किरकिरत होतं. बाई आमच्यापाशी थांबल्या. मी त्यांना ओळखत नव्हतो. मिस्त्री उठून उभे राहिले, तेव्हा कळलं.

"कोण आहे आत?" वहिनींनी विचारलं. मिस्त्रींनी सांगितलं. "केव्हा नेलं?" तेही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बसा. उभं राहून लवकर होत नाही." आणि त्यांच्या शेजारी, मधे एका माणसाची जागा सोडून, बसल्या.

 मग वहिनी समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागल्या.

"लग्नानंतर पहिल्या वर्षी मी आजारी पडले होते. तापाने फणफणले होते. हे उशाशी बसून पाढे म्हणत होते. मला वाटलं, काय माणूस आहे, बायको जळतेय आणि याला पाढे सुचतात. मी तांब्या फेकला होता. इथे लागला होता, भुवईवर." त्यांनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. "सासूबाई नंतर म्हणाल्या, अगं, तो घाबरला की असंच करतो. लहानपणापासून. मला तेव्हा पटलं नव्हतं."

मिस्त्रींनी मान हलवली. त्यांना ही गोष्ट बुवांनी कधी सांगितली नव्हती.

"आत्ताही पटलंय असं नाही," वहिनी म्हणाल्या. "काही दिवशी पटतं. काही दिवशी तुम्हाला शिव्या देते मनातल्या मनात."

"द्या," मिस्त्री म्हणाले.

आतून नर्स आली, सगळं नीट झालंय म्हणाली. मिस्त्रींनी मांडीवरची पिशवी बाकावर ठेवली. वहिनी उठल्या, गाडीवरून एक जाड, इस्त्रीची चादर ओढून त्यांनी नर्सच्या हातात दिली. "ही घाला त्यांना. खालच्या वॉर्डातल्या पातळ असतात." मग किरकिरतं चाक ढकलत निघून गेल्या. वळणावर थांबून एवढंच विचारलं, "डबा कोण आणणार आहे?" मिस्त्री काही बोलायच्या आधीच, "मी आणते," म्हणाल्या.

आता त्या अधूनमधून चौथ्या मजल्यावर येतात, मिस्त्रींच्या बायकोला भेटायला. मिस्त्री घरात असले तर "काय भावजी" म्हणतात. पूर्वीसारखं मोकळं नाही. एखाद्या वेळी बोलता बोलता एकदम गप्प होतात, आणि मिस्त्री बाल्कनीत जाऊन उभे राहतात. थोरली सुट्टीवर आली की आईचं आणि तिचं स्वयंपाकघरात भांडण होतं, कोथिंबीर कशी निवडावी यावरूनसुद्धा. धाकटा अजून मिस्त्रींना काका म्हणत नाही, पण मागच्या महिन्यात तो आता कामाला जातो त्या कारखान्यातली मोटार जळली तेव्हा वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला. मिस्त्रींनी त्याला स्टूल दिलं आणि मोटार उघडून बसले.